बुध, पारा, पाणी

बायको गेली त्याला आता वर्ष होत आलं. लोक म्हणतात, लिहून काढा, मन हलकं होतं. मन-बिन काही हलकं होत नाही. मी चौथी शिकलोय, त्यातला निम्मा वेळ मेंढरांमागं गेला. तरी लिहायला बसलो, कारण ही गोष्ट तोंडानं सांगायला गेलो की ऐकणारा मधेच हसतो. कागद हसत नाही.

गोष्ट विज्ञानाच्या प्रश्नमंजूषेची आहे. नव्वद सालानंतरची. माझी पोरगी तेव्हा सातवीत होती. आम्ही निरवांगीच्या शिवारात वस्तीवर राहत होतो. मेंढरं आबांनी, म्हणजे माझ्या बापानं, विकून टाकली होती आणि आम्ही ऊस, मका करायला लागलो होतो. वस्तीजवळच्या शाळेत सातवीपर्यंतच वर्ग. पुढं शिकायचं तर लांब चालत जायचं, उसाच्या फडाफडातनं, आणि पोरीनं तसं एकटं जावं हे कुणालाच पटत नव्हतं. आबांचं ठरलेलं होतं, सातवी झाली की बास, स्थळं बघा.

एके दिवशी गुरुजी सायकलवर वस्तीवर आले. चहा घेतला आणि आबांना म्हणाले, "आबा, तुमच्या नातीचं डोकं चांगलं हाय. इंदापूरला तालुक्याची विज्ञान प्रश्नमंजूषा हाय. दोघीदोघींची जोडी लागते. हिला घेतो."

"कशाला?"

"पहिला नंबर आला तर पुढं बारामतीला जायचं. तिथं एका शाळेचं मुलींचं वसतिगृह हाय. स्पर्धेतनं आलेल्या पोरींना ती जागा देत्यात. मी बोलून ठेवलंय. राहणं, खाणं, शिकणं, सगळं तिथंच."

आबांनी चंची काढली. तंबाखू मळत बसले. तेवढ्यात बायको आतनं आली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, पण आबांच्या समोर उभं राहून ती कधी बोलली नव्हती. पदर डोक्यावर ओढून भिंतीकडं बघत म्हणाली, "नंबर आला तर जाईल. न्हाय आला तर तुमी म्हणाल तसं. मी एका शबदानं बोलणार न्हाय."

आबांनी तोंड वर केलं. "शबुद हाय?"

"हाय."

"बरं."

मी दारातच बसलो होतो. माझं मत कुणी विचारलं नाही आणि मला ते बरंच वाटलं. जे ठरलं ते त्या दोघांत ठरलं.

गुरुजींनी एक पातळ पुस्तक दिलं होतं. पिवळ्या कव्हरचं, आत प्रश्न आणि खाली उत्तर, असं शंभराच्या वर. बायकोला वाचता येत नव्हतं. ती पोरीला म्हणाली, "मला एकदा वाचून दाव. सावकाश."

इथं बायकोच्या बापाचं सांगायला पाहिजे. तो सांगवीकडचा, जुना मेंढका. ओव्या म्हणायचा. ढोल वाजायला लागला की एकेक कथा तासन् तास चालायची, सगळी तोंडपाठ. अक्षर ओळख नाही. पण त्याला मधली एखादी ओवी म्हण म्हटलं तर यायची नाही. कुणी मधे थांबवलं, कुणी खोकलं, तर तो परत पहिल्यापासनं धरायचा. लोक वैतागायचे. तो म्हणायचा, "वाट सुरवातीपासनंच चालाय लागती बाबा. मधी कुठनं उगवू?" बायकोनं त्याच्याकडूनच पाठांतर उचललं होतं. आमच्यात दुसरं कुणाकडून उचलणार?

पोरीनं वाचलं आणि हिनं ओळीनं ते डोक्यात भरलं. पहिला प्रश्न, सूर्याला सगळ्यात जवळचा ग्रह कोणता? बुध. मग पातळ धातू कोणता? पारा. माणसाच्या अंगात सगळ्यात जास्त काय असतं? पाणी. दिव्यातली तार कशाची? टंगस्टन. मिठात काय घालतात? आयोडीन. असं एकाला एक लागून. सकाळी चुलीपुढं भाकरी थापताना हिनं विचारायचं आणि पोरीनं सांगायचं. काही दिवसांनी प्रश्नही गळून पडले. भाकरीच्या एका थापेला एक उत्तर. थप, बुध. थप, पारा. थप, पाणी. पोरगी शेणकूट लावताना तेच म्हणायची, मक्याला पाणी धरताना तेच. माझ्याही कानात ते बसलं. उसाला खत टाकता टाकता माझ्या तोंडातनं टंगस्टन बाहेर पडायचं.

शेजारच्या वस्तीवरची एक जण रोज दुधाला यायची. ती म्हणाली, "काय गं, पोरीला डाक्टर करतीस का काय?"

बायको म्हणाली, "तुझ्या म्हशीला दावायला लागंल एखादा डाक्टर. आटलीय ती आन तू येतीस माझ्याकडं दुधाला."

पुस्तकातला सगळ्यात शेवटचा प्रश्न होता, शेतकऱ्याचा मित्र कोण? मी अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणालो, "कोण न्हाय."

पोरगी म्हणाली, "तात्या, गांडूळ."

"व्हय का? मग त्याला म्हणावं ये उसाला पाणी द्यायला."

बायको इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. तिला तसं हसताना मी फार वेळा बघितलं नाही. म्हणून लिहून ठेवतोय.

शाळेत आधी निवड झाली. गुरुजींनी पुस्तक उघडलं आणि पहिल्या पानापासनं विचारायला सुरुवात केली. पोरगी प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर सांगत होती. गुरुजी म्हणाले, "ही तर रेडिओच हाय!" जोडीला दुकानदाराची पोरगी निवडली. चुणचुणीत, हात चलाख. गुरुजींनी ठरवून दिलं, घंटी तिनं वाजवायची आणि उत्तर आमच्या पोरीनं सांगायचं.

त्या दिवसापासनं बायको वेगळीच दिसायला लागली. तिनं पेटीतनं गोधडीचं चांगलं कापड काढून ठेवलं. मी विचारलं, कशाला? म्हणाली, "वसतिगृहात थंडी आसंल. बारामतीला थंडी पडती का वो?" मी म्हणालो, पडती. निम्मी गोधडी तिनं स्पर्धेच्या आधीच शिवली.

इंदापूरला आम्ही एसटीनं गेलो. बायकोनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. शाळेचा मोठा हॉल, पुढं स्टेज, स्टेजवर टेबलं लावलेली आणि प्रत्येक टेबलावर हॉटेलात असते तसली टिंग वाजणारी घंटी. आम्ही मागं सतरंजीवर बसलो. सूट घातलेले एक सर माईकवर नियम सांगत होते. प्रश्न विचारला की जी जोडी आधी घंटी वाजवेल तिनं उत्तर द्यायचं. दहा आकडे मोजायच्या आत उत्तर आलं पाहिजे. घंटी वाजवून उत्तर आलं नाही तर गुण कापणार.

पहिलाच प्रश्न आला, मिठात काय मिसळतात? दुकानदाराच्या पोरीनं घंटी हाणली. आमची पोरगी म्हणाली, "आयोडीन!" टाळ्या पडल्या. बायकोनं माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. ती म्हणाली, "झालं. झालं बघा."

दुसरा प्रश्न आला, रातांधळेपणा कोणत्या जीवनसत्त्वाच्या अभावानं होतो? हा प्रश्न पुस्तकाच्या पार मागच्या बाजूला होता. दुकानदाराच्या पोरीनं आमच्या पोरीकडं बघितलं. आमच्या पोरीनं मान हलवली, म्हणजे येतंय. घंटी वाजली. आणि पोरगी गप्प.

गप्प म्हणजे आवाज नव्हता. ओठ हलत होते. मला लांबनं कळलं. बुध, पारा, पाणी, टंगस्टन, आयोडीन. ती पहिल्यापासनं निघाली होती. मी शेजारी बघितलं तर बायकोचे पण ओठ हलत होते. तसंच, त्याच चालीनं, त्याच वेगानं. आय स्टेजच्या खाली, लेक स्टेजवर, आणि दोघी एकाच वाटेनं पळत होत्या. सर माईकवर आकडे मोजत होते. आठ. नऊ. दहा. "वेळ संपली."

आणि तेवढ्यात दोघी पोचल्या. पोरगी म्हणाली, "अ!" आणि माझ्या शेजारनं बायको सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडली, "अ जीवनसत्व!"

हॉल हसला. सर म्हणाले, "प्रेक्षकांनी उत्तर देऊ नये, कृपया." मागनं कुणीतरी म्हणालं, "बाईलाच बसवा की वर!" गुण कापले.

पुढं तसंच झालं. प्रत्येक वेळेला पोरगी मान हलवायची, कारण तिला येत होतं. घंटी वाजायची, आणि ती पहिल्यापासनं निघायची. पुस्तकाच्या सुरवातीचा प्रश्न आला तर वेळेत पोचायची. मधला आला की पोचायच्या आत वेळ संपायची. दुकानदाराची पोरगी तिच्या कानात दात खाऊन म्हणत होती, "बोल की गं, बोल की!" नंतर तिनं घंटी वाजवायचंच सोडून दिलं. हात मांडीखाली घालून बसली. आणि तरी आमच्या पोरीचे ओठ हलतच होते. दुसऱ्याच्या प्रश्नालासुद्धा ती पहिल्यापासनं जात होती. शेवटी तिथं पोचायची, कुणाला ऐकू जाणार नाही असं उत्तर म्हणायची आणि परत मागं यायची.

बायको ओरडली नाही परत. पदराचा बोळा करून तिनं तोंडात धरला होता. पण पदराआड तिचं तोंड चाललंच होतं.

आमचा नंबर शेवटनं पहिला आला.

बाहेर गुरुजी भेटले. ते रागावले नव्हते, तेच वाईट. म्हणाले, "तिला सगळं येत होतं हो. सगळं. हे झालं काय नक्की?"

परत जाताना एसटीत पोरगी खिडकीला बसली होती. रडत नव्हती. काचेकडं तोंड करून म्हणाली, "आय, मला मधनं येत न्हाय. मला पहिल्यापासनंच येतंय."

बायको म्हणाली, "माझ्या बापाला बी मधनं येत नव्हतं."

एवढंच. निरवांगी आलं तरी तिच्या मांडीवर भाकरीचं फडकं तसंच बांधलेलं होतं.

अंगणात आबा बसले होते. म्हणाले, "आला का नंबर?"

बायको म्हणाली, "न्हाय."

"मग?"

"तुमी म्हणाल तसं."

ती आत गेली आणि चूल पेटवली. तिनं शब्द पाळला. त्यावरनं एका शब्दानं कधी बोलली नाही, आबांना नाही, मला नाही, पोरीला नाही. भाकरी थापायची ती मुक्यानं. अर्धी गोधडी तिनं पुढं पुरी केली आणि ती पोरीच्या लग्नात दिली. सातवीनंतर पोरगी घरी बसली, मग माळेगावकडं दिली. जावई ट्रॅक्टरवर असतो. वाईट नाही. पोरगी सकाळी उठते, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते, संध्याकाळी येते. वसतिगृहात गेली असती तर काय झालं असतं, हे मी कधी कुणाला बोललो नाही. मला माहीत नाही, मग कशाला बोला? पण बायकोच्या डोक्यात ते होतंच. एखादी नर्स किंवा मास्तरीण रस्त्यानं गेली की ती काम थांबवून बघत उभी राहायची, ती नजरेआड होईपर्यंत.

आबा गेले. वर्षं गेली. पिवळ्या कव्हरचं पुस्तक कधीतरी उंदरांनी खाल्लं.

मग बायकोला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. बारामतीला दवाखान्यात ठेवलं. बारामतीला जायचं ते असं झालं. डॉक्टर पोरगाच होता, चांगला होता. वाकून म्हणाला, "आजी, नाव सांगा तुमचं."

बायको त्याच्याकडं बघत राहिली. तोंड वाकडं झालेलं. बऱ्याच कष्टानं म्हणाली, "बुध."

"बुधवार नाही आजी, आज शुक्रवार. नाव काय तुमचं?"

"पारा," बायको म्हणाली. "पाणी."

"पाणी पाहिजे का?"

पोरगी माळेगावहून येऊन खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिनं तोंडावर हात ठेवला. मी डॉक्टरला म्हणालो, "ती वार सांगत न्हाय साहेब." आणि काय ते सगळं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "असं होतं. बोलणं जातं, पण ओळीनं पाठ केलेलं राहतं. पाढे राहतात, गाणी राहतात. एकदा सुरू झालं की ओळीनं येतं."

"मग बाकीचं बोलणं परत येतं का?"

"बघू."

बघू म्हणजे नाही. एवढं चौथी शिकलेल्यालाही कळतं.

घरी आणली. आणि घरी आल्यावर माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. तिला तहान लागली की ती नुसतं पाणी म्हणू शकत नव्हती. तिला बुधापासनं निघावं लागायचं. बुध, पारा, पाणी, आणि तिथं थांबायची आणि माझ्याकडं बघायची. मी तांब्या द्यायचो. डोळ्यावर दिवा येत असला की टंगस्टनपर्यंत जाऊन थांबायची. मी दिवा घालवायचो. आमटी अळणी लागली की आयोडीनवर थांबायची. पहिल्या पहिल्यांदा मी बुध ऐकलं की तांब्या उचलायचो. मग ती चिडून डावा हात आपटायची, कारण तिला पुढं जायचं असायचं. म्हणून मी शिकलो. ती निघाली की गप बसायचं, आणि कुठं थांबते ते बघायचं.

कधी कधी ती कुठंच थांबायची नाही. सगळी ओळ म्हणत जायची, जीभ अडखळत, लाळ गळत, पार शेवटच्या गांडुळापर्यंत. मग माझ्याकडं बघायची. म्हणजे तिला जे पाहिजे होतं ते त्या पुस्तकात नव्हतं. मी उशी सरळ करायचो, पाय चोळायचो, खिडकी उघडायचो. त्यातलं ते काहीच नसायचं. थोड्या वेळानं ती परत बुधापासनं सुरू करायची, जशी आधीच्या खेपेला तिची काही चूक झाली असावी.

पोरगी महिनाभर येऊन राहिली होती. एका दुपारी ती आयचे केस विंचरत होती. बायको बोलायला लागली. बुध, पारा, पाणी. पोरीनं तांब्या घेतला, तर पुढं. टंगस्टन, आयोडीन, पुढं. मी दारात बसून ऐकत होतो. ती जात राहिली, सावकाश, एकेक शब्द ओढून काढत, आणि मागच्या बाजूला जाऊन म्हणाली, "अ जीवनसत्व." आणि थांबली. मान वळवून पोरीकडं बघत राहिली.

कुणी आकडे मोजत नव्हतं. वेळच वेळ होता.

पोरगी म्हणाली, "आय, आता कशाला गं." फणी खाली ठेवली आणि बाहेर जाऊन भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी होती ती.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. म्हणजे बायको. ज्या दिवशी गेली त्या दिवशी पोरगी तिच्या घरी होती, घरात मी एकटाच. दुपारची वेळ, मी ज्वारी निवडत बसलो होतो. तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "बुध."

मी सूप बाजूला ठेवलं. तांब्याला हात लावला नाही. आधी लावला तर ती चिडते, म्हणून गप बसलो.

"पारा," ती म्हणाली.

मी थांबलो. तिचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. मग ओठ पण थांबले. मी तरी थांबूनच होतो, ती कुठं थांबते ते बघत. बराच वेळ तसाच बसलो. मग कळलं.

तिला पाणी पाहिजे होतं का पुढं जायचं होतं, हे मला सांगता येत नाही. कुणालाच सांगता येणार नाही. पोरीला मी हे सांगितलं तेव्हा तिचे ओठ हलले. पहिल्यापासनं.